अवियल कारचा पाचवा आकडा

भागीरथी अक्काची गाडी अख्ख्या तंजावुराला माहीत होती, आणि अख्खं तंजावूर तिला अवियल म्हणायचं. अवियल म्हणजे दहा भाज्या, खोबरं आणि दही, सगळं एकाच पातेल्यात.

नाव ठेवणाऱ्यांचं फार चुकलं होतं असंही नाही. गाडी दोन माणसांची, बुटकी, दार इतकं खाली की आत बसलेल्यानं हात सोडला तर बोटं डांबराला लागावीत. अंग ॲल्युमिनियमचं, चाकं तारांची. बॉनेट उघडलं की सगळं नाकच पुढं पालथं व्हायचं, मगरीनं आ वासावा तसं. पण दिव्यांच्या रिंगा ट्रॅक्टरच्या होत्या. इंजिन चौऱ्याहत्तर साली भंगारात निघालेल्या एका देशी मोटारीचं. आणि गिअरच्या दांड्यावरची मूठ म्हणजे चक्क मोडक्या झोपाळ्याचा लाकडी गोंडा.

अक्का म्हणायची, ही विनफर्ड आहे. इंग्लंडात दोन भावांनी शेतावरच्या गोठ्यात अशा तेवीस गाड्या बनवल्या, मग भाऊ भांडले आणि गोठ्यात परत गाई आल्या. तेवीसपैकी एक तंजावुरात आहे. हे ती भाजीवाल्यालासुद्धा सांगायची. भाजीवाला मान डोलवायचा आणि मागे वळून म्हणायचा, "अवियल आली."

अक्का बासष्ट वर्षांची. पॉलिटेक्निकात तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेली. लग्न केलेलं नाही. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि नजर अशी की भिंतीवरचं कॅलेंडर अर्धा इंच तिरकं असलं तर तिला जेवण जायचं नाही. दर रविवारी ती पदर कमरेला खोचून, डोळ्यांवर बापाचा जुना गॉगल चढवून तिरुवैयारुपर्यंत जायची आणि परत यायची. तिकडे तिचा थोरला भाऊ कल्याणराम राहायचा. त्याला ती भेटायची, पण तो कधी गाडीत बसायचा नाही. तंजावुरात काम असलं तर तो बसनं यायचा, उभ्यानं यायचा, पण गाडीत नाही. अक्काला वाटायचं, याला लाज वाटते.

गाडी बापाची. रघोजीराव, कालव्यांच्या खात्यात इंजिनियर. चौसष्ट साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज चहावाल्याकडून त्यांनी ती घेतली. रघोजीरावांची दुसरी ख्याती अशी की ते कशालाच मानायचे नाहीत. राहुकाळात प्रवासाला निघायचे. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट द्यायचे, एवढंच. घरात पंचांग आणायचं नाही, पत्रिका मांडायची नाही. भागीरथी चोवीस वर्षांची असताना कुंभकोणचं एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा तिला आवडलाही होता. त्या लोकांनी पत्रिका मागितली. रघोजीराव म्हणाले, "माझी मुलगी ग्रहांना विचारून द्यायची नाही." स्थळ गेलं. पुढची दोन गेली. भागीरथी रडली नाही. उलट चार लोकांत अभिमानानं सांगायची, माझा बाप कुणाच्या बापाला भ्याला नाही.

तर अशा बापाची गाडी, आणि लोक तिला अवियल म्हणणार. हेच तिला सोसवेना.

इंग्लंडात या गाड्यांचं एक रजिस्टर होतं. वेडेच लोक; तेवीस गाड्यांचा हिशेब ठेवायला वर्षाला एकदा जमायचे. एकोणीस सापडल्या होत्या. अक्कानं त्यांना पत्र लिहिलं, फोटो पाठवले, सांगाड्यावर ठोकलेला नंबर पाठवला: ५७१४१. उलट टपाली उत्तर आलं, आमचे सगळे नंबर चार आकडी आहेत, ५७०१ ते ५७२३, असा नंबर कधी झालाच नाही. अक्कानं लिहिलं, तुमची यादी चुकली असेल. त्यांनी लिहिलं, यादी चुकलेली नाही. मग अक्कानं जे लिहिलं त्यावर तीन वर्षं उत्तर आलं नाही.

या पत्रापत्रीच्या अकराव्या वर्षी, फेब्रुवारीत, बंगळुरूहून माणूस आला.

भरद्वाज त्याचं नाव. चाळिशीचा, चष्मेवाला, अंगाला पेट्रोलचा वास येणारा आणि तरी नखं स्वच्छ असलेला. त्याची स्वतःचीही एक इंग्रजी जुनी गाडी होती, आणि रजिस्टरवाल्यांचा भारतातला माणूस म्हणून तो आला होता. उन्हाळ्यात रजिस्टरचं पुस्तक छापायचं होतं. त्यात जी गाडी जाईल ती जाईल. बाकीच्यांसाठी शेवटी एक पान असणार होतं, मथळा 'शंकास्पद'.

"त्या पानावर माझी गाडी गेली तर मी तुमचं पुस्तक पाण्याच्या बंबात घालीन," अक्कानं त्याला इंग्रजीत सांगितलं.

"बघू या, मॅडम," भरद्वाज म्हणाला.

शेडमध्ये चौघे. अक्का, भरद्वाज, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेला कल्याणराम, आणि सुब्रमण्यम. सुब्रमण्यम हा मेकॅनिक, सत्तरीचा, तीस वर्षं हीच गाडी उघडतोय आणि लावतोय. तो तमिळमधून बोलायचा, अक्का त्याच्याशी मराठीतून भांडायची, आणि दोघांचं एकमेकांवाचून अडायचं.

भरद्वाजनं बॅगेतून टॉर्च, लोहचुंबक, दात घासायचा ब्रश आणि थिनरची बाटली काढली. चुंबक गाडीच्या अंगावरून फिरवला. कुठं चिकटला नाही. मान हलवली. तारांच्या चाकांशी गुडघे टेकून वाकला.

अक्का भावाला मराठीत म्हणाली, "अण्णा, याचे बूट बघ. शेण तुडवून आलाय आणि माझ्या गाडीला नाक मुरडतोय."

तंजावूरच्या मराठी घरांची ही जुनी सवय. दुकानात, बसमध्ये, पाहुण्यांदेखत, जे बाहेरच्यानं ऐकू नये ते मराठीत बोलायचं. कोण समजणार आहे? साडीच्या दुकानात किमतीवरून बोलायचं ते मराठीत, डॉक्टरसमोर डॉक्टरविषयी ते मराठीत.

भरद्वाजनं उठताना बूट पायपुसण्याला घासले. अक्काचं तिकडे लक्ष गेलं, पण तेवढ्यात तो इंजिनात शिरला होता.

"हे इंजिन मूळचं नाही."

"नाहीच. मूळचं फुटलं. तुमच्या इंग्लंडातून पिस्टन यायला दोन वर्षं लागली असती, आणि बाबांना रोज कालव्यावर जायचं होतं."

"गिअरची मूठ..."

"झोपाळ्याची आहे. पुढे चला."

पुढे म्हणजे नंबर. तो पुढच्या आडव्या पट्टीवर होता, काळ्या रंगाच्या चार थरांखाली. भरद्वाजनं थिनर लावून ब्रशनं घासायला सुरुवात केली. अर्धा तास घासत होता. सुब्रमण्यम मधूनमधून त्याला धाकट्या भावासारखं म्हणायचा, "हळू, तंबी, ते दात नाहीत." रंग गेला. खाली उघडं लोखंड आणि त्यात ठोकलेले आकडे. भरद्वाजनं पातळ कागद दाबून धरला, वरून पेन्सिल आडवी फिरवली. आकडे पांढरे उठले. मग मोबाइलमध्ये दुसऱ्या विनफर्डांचे फोटो काढून शेजारी धरले.

"सातच्या आडव्या रेघेला खाच आहे बघा," तो म्हणाला. "सगळ्या गाड्यांत आहे. त्यांचा सातचा ठसा तुटका होता. पहिले चार आकडे त्यांचेच वाटतात. सत्तावन्न-चौदा. आणि चौदा नंबर आम्हाला सापडलेला नाही. यादीत त्याच्यापुढं लिहिलंय, मद्रासला रवाना."

अक्कानं कमरेवर हात ठेवले. अकरा वर्षांचं सगळं तिच्या तोंडावर आलं. "मग? आणखी काय पाहिजे?"

"हा पाचवा काय आहे?"

"मॅडम, नंबरला हात लागलेला आहे. उद्या कुणी म्हणेल, यादी बघून सांगाडा बनवला आणि ठोकताना एक आकडा जास्त ठोकला. असं झालेलं आहे, दुसरीकडे. हात कुणी लावला, का लावला, हे घरच्या माणसानं सहीनिशी लिहून दिलं तर पुस्तकात जाते. नाही तर शेवटचं पान."

अक्कानं त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ धरला. चार आकडे एका घावात बसलेले, कडा सरळ. पाचवा तसा नव्हता. तो बारीक बारीक टिंबांचा होता, टिंबाला टिंब लावून ओढलेला, आणि डोक्याशी डावीकडे किंचित वाकलेला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि आईचं पितळी कुडम घेऊन आली, कमरेवर घेऊन पाणी आणायचं ते. तसं भांडं तंजावुरात घरोघरी. विकत घेतलं की दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस छिन्नी-हातोडीनं त्यावर नाव आणि साल घालून देतो, टिंबाटिंबानं. या कुडमावर तमिळमध्ये आईचं नाव होतं आणि खाली १९६१.

तिनं ते जमिनीवर पट्टीच्या शेजारी ठेवलं.

सुब्रमण्यमनं वाकून बघितलं. "अम्मा, हा एक आणि तो एक, एकाच बापाचे."

"भांडीबाजारात घातलाय," अक्का म्हणाली. "बाबांनीच गाडी नेली असणार. पण का?"

भरद्वाजनं कुडमाचा फोटो घेतला. "का, हेच मीही विचारतोय," तो म्हणाला आणि वही उघडून स्टुलावर बसला.

तेव्हा अक्काचं लक्ष भावाकडे गेलं. कल्याणराम एकोणसत्तर वर्षांचा माणूस, तहसील कचेरीत जन्म काढलेला, कुठल्याही प्रश्नाला तोंडाची रेघ न हलवता उत्तर देणारा. त्यानं कागदांची पिशवी छातीशी धरली होती.

"अण्णा. तुला माहीत आहे."

"भागी, याच्यासमोर नको."

"याला कुठं कळतंय. बोल मराठीत."

भरद्वाज वहीत काहीतरी लिहीत होता.

"आकडे मिळव," कल्याणराम म्हणाला. "पाच, सात, एक, चार."

"सतरा."

"सतराचे?"

"एक आणि सात, आठ." अक्का थांबली. तमिळनाडूत राहून आठ म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. आठ म्हणजे शनी. लोक गाडीचा नंबर आठ येऊ नये म्हणून ऑफिसात खेटे घालतात, घराचा आला तर दारावर आणखी एक अक्षर लावतात. "आठ. आणि पुढं एक घातला की नऊ."

"नऊ."

"बाबांनी? आपल्या बाबांनी?"

"ज्योतिषाकडे गेले होते. पश्चिम वीथीतला म्हातारा. त्यानं सांगितलं, पाटीवरचा नंबर सरकारचा, त्याला हात लावू नका. हाडावरचा आपला. मी बरोबर होतो. भांड्यावर घालतात तसा घातला. मग तंजावूरच्या ऑफिसात गाडीच्या नोंदणीचं नवं पुस्तक काढलं, कारकुनानं लोखंडावर दिसलं ते लिहून घेतलं. मला म्हणाले, कुणाला बोलायचं नाही. मी नाही बोललो."

साठ वर्षं. अक्का उभी होती ती चाकाजवळच्या डब्यावर बसली. मग उठली. तिला राग आला की बसवत नसे.

"माझी पत्रिका मांडायला यांची मान खाली जात होती," ती म्हणाली, "आणि गाडीची मांडून घेतली? कुंभकोणचा तो मुलगा दारातून परत गेला. मी म्हटलं, जाऊ दे, बाप खरा आहे. चाळीस वर्षं मी लोकांना सांगतेय, बाप खरा आहे. आणि हा म्हातारा लोखंडाला ग्रह विचारून आला होता?"

"भागी, ऐक तरी."

"काय ऐकू? माझ्यासाठी घाबरले नाहीत, गाडीसाठी घाबरले."

"गाडीसाठी नाही गो." कल्याणरामनं शर्टाची डावी बाही वर केली. कोपर वाकडं होतं, नेहमीचंच. हात पुरता सरळ व्हायचा नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं, लहानपणी अण्णा तळ्याच्या पायऱ्यांवरून पडला. "मी तळ्यावर पडलो नाही. गाडी घेऊन महिना झाला होता. तिरुवैयारुला चाललो होतो, बाबा आणि मी. वेट्टाराच्या पुलाअलीकडे वळणावर गाडी उलटली. मी खाली. नऊ वर्षांचा. लोकांनी गाडी उचलली तेव्हा मी हलत नव्हतो. बाबांना वाटलं, गेला. ते रस्त्यात बसून जे ओरडले ते मला अजून ऐकू येतं. मग मी डोळे उघडले. आठ दिवसांनी ते ज्योतिषाकडे गेले."

मग अक्कानं जे विचारलं ते ड्रॉइंगच्या बाईनंच विचारावं. "उलटली कशानं?"

"रस्त्यावर भात वाळत घातलं होतं. चाक त्याच्यावर गेलं."

"कुठला महिना?"

"मासी. हाच. कापणी झाली की घालतात ना."

"म्हणजे आठानं नाही. भातानं."

"मला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं. इंजिनियर होते."

सुब्रमण्यम हळूच कापसानं हात पुसत होता. त्याला मराठी कळायचं, सगळं नाही, पण आठ आणि नऊ कळले होते. तो पुढं आला आणि आवाज खाली करून तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, आता बोललंच गेलंय तर सांगतो. मी दर शुक्रवारी सीटखाली लिंबू ठेवतो. तुम्ही मागच्या वर्षी विचारलंत ना, हा आंबट वास कशाचा."

"तू मध्ये बोलू नकोस," अक्का म्हणाली.

कल्याणराम भरद्वाजकडे चोरून बघत पुढं झुकला. "आता हे बघ. त्याला सांग, कारकुनाची चूक. रजिस्ट्रेशनच्या पुस्तकात एक आकडा जास्त पडला, मग मेळ बसावा म्हणून बाबांनी लोखंडावर घातला. कारकून मेला, ऑफिस हललं. कोण विचारणार? सही मी करतो. सरकारी कागद कसा लिहायचा मला येतं. बाबांचं नाव पुस्तकात छापून येणार, साऱ्या जगात जाणार, इंजिनियर रघोजीराव आठाला भ्याले म्हणून? तुला चालेल?"

खरं म्हणजे चालणार नव्हतं. अकरा वर्षं भांडली ती गाडीसाठी, पण गाडी कुणाची होती? त्या माणसाची, जो भीत नव्हता. गाडी खरी ठरवायची तर बाप खोटा ठरत होता. आणि बाप तसाच ठेवायचा तर एक साधं, सरळ, कुणाला न दुखावणारं खोटं पुरत होतं. तिनं कुडमावरच्या एकाकडे बघितलं. वाकडा होता. ज्यानं घातला त्यानं कुणाच्या तरी घाईत घातला होता.

भरद्वाजनं पेनाचं टोपण काढलं. "मॅडम? कारण काय लिहू?"

तिनं भावाच्या बाहीकडे बघितलं. तो ती खाली करत होता, एका हातानं, जमत नव्हतं.

"लिहा," ती इंग्रजीत म्हणाली. "नंबरची बेरीज आठ येत होती. गाडी उलटून मुलाचा हात मोडला. माझे वडील, कालवे खात्यातले इंजिनियर रघोजीराव, घाबरले. त्यांनी भांड्यावर नाव घालणाऱ्याकडून एक आकडा वाढवून घेतला. एकोणीसशे चौसष्ट. सही मी करते, आणि साक्षीला माझा भाऊ करेल, तो तेव्हा हजर होता."

"भागी," कल्याणराम म्हणाला.

"घाबरले हा शब्द तसाच ठेवा," ती भरद्वाजला म्हणाली. "गुळगुळीत करू नका."

भरद्वाजनं लिहिलं. तिनं वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला, सही केली. कल्याणरामनं बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग केली.

भरद्वाजनं वही मिटली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बरं केलात, मावशी. कारकून म्हटला असतात तर मी कॉफी पिऊन गेलों असतों."

तुटकं होतं, हेल तमिळ होता, पण मराठी होतं.

शेडमध्ये फक्त सुब्रमण्यम हसला.

"माझी आई कुंभकोणची," भरद्वाज कानाच्या पाळ्या लाल करून म्हणाला. "मला बोलाया येत नाही चांगलं. कळतं सगळं."

"बुटांचंही?" अक्कानं विचारलं.

"शेण नव्हतं ते. ग्रीस होतं."

"मेल्या, मग आधी बोलायचं नाही?"

"आधी बोललों असतों तर हे सगळं तुम्ही बोलला नसतात."

अक्कानं आत जाऊन कॉफी आणली. कॉफी पिताना भरद्वाजनं विचारलं, पाचवा आकडा भरून, घासून काढायचा का. रजिस्टरवाल्यांना मूळचं तसं आवडतं. अक्का म्हणाली, तो मूळचाच आहे, आमच्याकडचा. त्यानं तेही लिहून घेतलं.

तो गेला. सुब्रमण्यमनं बॉनेट लावलं, कुडम उचलून पायरीवर ठेवलं. कल्याणराम पिशवी घेऊन उठला. बसस्टँड उजव्या हाताला होतं. तो फाटकापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला.

"काय झालं?" अक्कानं विचारलं.

"चारची बस गेली असेल."

चारला अजून वीस मिनिटं होती. तिनं घड्याळ बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि गाडीची किल्ली घेतली. सीटखाली हात घालून लिंबू बाहेर काढलं. सुब्रमण्यमचं तोंड पडलं. तिनं लिंबू हातात फिरवलं, जरा विचार केला आणि परत ठेवलं.

कल्याणराम गाडीत बसला तो पाण्यात उतरावं तसा, आधी एक पाय, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. वाकडा हात दाराबाहेर राहिला. तिनं तो उचलून आत घेतला.

वेट्टाराच्या अलीकडे वळणावर भात पसरलेलं होतं, पिवळंधमक, अर्धा रस्ता भरून. कडेला एक बाई फावडं टेकून बसली होती. अक्कानं गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला आणि भोंगा वाजवला. बाई सावकाश उठली आणि चाकापुरती वाट ओढू लागली. कल्याणरामनं झोपाळ्याच्या गोंड्याजवळ दोन्ही हात धरून ठेवले होते.

"अवियल," बाई ओळखून म्हणाली.

"विनफर्ड," अक्का म्हणाली. "नंबर चौदा. ओढ अजून थोडं. घाई नाही आम्हाला."